आमच्या गटातली ललिता पवार

(महासंघाचा वार्षिक मेळावा इंदिरानगर, नाशिक इथे झाला. त्यात निफाड तालुक्यातल्या एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं हे भाषण. ताई बोलल्या तसंच उतरवून घेतलं आहे.)



मागच्या वर्षी मी ह्याच मेळाव्यात थकीत कर्जाच्या वसुलीवर बोलले होते. निम्म्या बाया चहाला उठून गेल्या. कोण कोण गेल्या ते मी बघून ठेवलंय. (हशा) म्हणून ह्या वर्षी वसुली नाही, सिनेमा. दुपारी जेवणं झाली की आपल्याला पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक बघायला जायचंय. इथून इंदिरानगरहून ते जवळच आहे. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, हे बहुतेकींना माहीत असेल. पण मी आज दुसऱ्या एका माणसाबद्दल सांगणार आहे. तीही आपल्याच जिल्ह्यातली, येवल्याची.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या गटात मला ललिता पवार म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला कळतं. बैठकीला पाच मिनिटं उशीर झाला की मी दंड लावते. हप्ता चुकला की दारात जाऊन उभी राहते. कोणाच्या लग्नात गेले तरी बाया म्हणतात, "गप, ललिता पवार आली." हे नाव पाडलं माझ्या धाकट्या जावेनं. ती आमच्या गटातली एक नंबरची नकलाकार. हळदीकुंकू असो, लग्नातली हळद असो, ती उठायची, पदर डोक्यावरून घ्यायची, डावा डोळा बारीक करायची, तोंड वाकडं करायची आणि माझ्या आवाजात म्हणायची, "वही आण गं इकडं." बाया लोळून हसायच्या. मीसुद्धा हसायचे. काय करता, हुबेहूब मीच दिसायचे!

दीड वर्षापूर्वी दिवाळीच्या फराळाची मोठी ऑर्डर होती. चकल्या तळताना कढईतलं तेल उडालं आणि तिचा डावा गाल भाजला. डोळा वाचला, दिसतं तिला. पण जखम भरताना कातडी ओढली गेली आणि पापणी खाली आली. तेव्हापासून तिचा डावा डोळा बारीक दिसतो. सगळ्यांना हसवायला ती जसा करायची, तसाच.

त्यानंतर ती बैठकीला यायची बंद झाली. हप्ता लेकीच्या हाती पाठवायची. पहिल्या दोन बैठकांना मी काही बोलले नाही. तिसऱ्या आणि चौथ्या बैठकीला मी वहीत गैरहजेरीचा दंड मांडला. दहा आणि दहा, वीस रुपये. नियम सगळ्यांना सारखा, जाऊ असली म्हणून काय झालं, असं मी म्हणाले. बाकीच्या बाया खाली बघत बसल्या. त्या दिवशी मला मागनं कोणी ललिता पवार म्हणलं नाही. आणि तेच मला लागलं.

त्या रात्री मला झोप येईना. माझा मुलगा इथेच नाशिकला नोकरीला आहे, तो आलेला होता. मी त्याला म्हणलं, अरे, ही ललिता पवार कोण होती ते जरा मोबाइलवर बघ. इतकी वर्षं मी तिचं नाव मिरवते, मला तिच्याबद्दल काही माहीत नाही. मग तो वाचत गेला, मी ऐकत गेले. पुढं मी वाचनालयातून पुस्तकं आणली, तिचे सिनेमे मोबाइलवर बघितले. जे कळलं ते तुम्हाला सांगते.

त्यांचं माहेरचं नाव अंबा. अंबा लक्ष्मणराव सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६, येवल्यात. येवला म्हणजे पैठणीचं गाव. घरही रेशमाचा आणि सुती कापडाचा व्यापार करणाऱ्यांचं, खाऊनपिऊन सुखी, जुन्या वळणाचं. अशा घरातली पोर सिनेमात जाणं म्हणजे त्या काळी काय असेल, विचार करा. दादासाहेबांनी १९१३ साली पहिला सिनेमा काढला, 'राजा हरिश्चंद्र', तेव्हा तारामतीचं काम करायला एक बाई मिळाली नव्हती. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या माणसाला लुगडं नेसवून तारामती केलं. पुढच्या सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई उभ्या राहिल्या, तिथून बायांचा रस्ता उघडला.

ह्या सगळ्यात सरस्वतीबाई फाळके आपल्या लक्षात राहाव्यात म्हणून एवढं सांगते. दादासाहेबांच्या त्या मंडळी. अंगावरचे दागिने त्यांनी सिनेमासाठी दिले. दिवसभर सगळ्या माणसांचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री फिल्म धुवायला बसायच्या. पडद्यावर त्यांचं नाव नाही. आज स्मारकात गेलात की त्यांच्या नावानं एकदा हात जोडा.

तर १९२८ साली 'राजा हरिश्चंद्र' पुन्हा निघाला, दुसऱ्या कंपनीचा, आणि त्यात ही येवल्याची पोर होती. सिनेमा अजून मुका होता. पगार महिना १८ रुपये, असं सांगतात. मुका सिनेमा म्हणजे बोलणं नाही, गाणं नाही. राग आला तर चेहऱ्यावर, हसू आलं तर चेहऱ्यावर, लाज वाटली तर तीही चेहऱ्यावरच. ह्या बाईची शाळा ही अशी झाली. ते लक्षात ठेवा, पुढं ह्याचा संबंध येतो.

मोठी झाली तशी ती नायिका झाली. देखणी होती. १९३१ सालचा 'दिलेर जिगर' नावाचा एक मुका सिनेमा आहे, तलवारबाजीचा. जी. पी. पवार म्हणजे गणपतराव पवार त्याचे दिग्दर्शक. त्यांच्याशीच लग्न झालं, म्हणून पवार. त्या काळातले बहुतेक मुके सिनेमे जळून, सडून गेले. हा वाचलाय. मला त्याचा एक तुकडा बघायला मिळाला. आपल्या डोळ्यासमोर ती काठी टेकत येणारी म्हातारी असते, आणि इथं एक तरणीताठी पोर! मी मुलाला दोनदा विचारलं, हीच का ती? नक्की?

आणखी एक. नुसतं काम करून ती थांबली नाही. १९३२ साली 'कैलास' नावाच्या सिनेमात तिनं काम केलं आणि त्याच्या निर्मितीत भागही घेतला. १९३८ साली 'दुनिया क्या है' हा बोलपट स्वतः काढला. तेव्हा वय बावीस. आपल्याला बँकेच्या साहेबासमोर पहिल्यांदा कर्ज मागताना पाय कापले होते ना? ह्या बाईनं बावीसाव्या वर्षी सिनेमासाठी पैसा उभा केला, तोही तेव्हा, जेव्हा सिनेमातल्या बाईकडे लोक वाकड्या नजरेनं बघायचे.

सगळं चांगलं चाललं होतं. मग आलं १९४२ साल. 'जंग-ए-आझादी' नावाच्या सिनेमाचं शूटिंग. एका सीनमध्ये भगवान ह्यांनी त्यांच्या थोबाडीत मारायची होती. भगवान म्हणजे पुढं ज्यांना आपण भगवानदादा म्हणून ओळखलं, 'अलबेला'वाले, ज्यांच्या नाचाची नक्कल आपल्याकडं गणपतीच्या मिरवणुकीत अजून करतात.  खोटी मारायची ती खरी बसली, आणि जोरात बसली. चेहऱ्यावरून वारं गेलं. डाव्या डोळ्यातली शीर फुटली. वर्षं गेली उपचारात. चेहरा बराचसा सावरला, पण डावा डोळा बारीक झाला तो कायमचा.

बायांनो, ह्यात कोणाचा कपटीपणा नव्हता. कामावर झालेला अपघात. पण ज्या बाईचं सगळं पोट चेहऱ्यावर चालत होतं, तिचा चेहराच गेला. वय पुरतं सव्वीस. नायिका म्हणून काम बंद. आमच्या जावेचं तेल उडालं तेव्हा आम्ही सगळ्या म्हणालो, डोळा वाचला, देवानं राखलं. हे खरंच आहे. पण आरशात रोज तिला बघावं लागतं, आपल्याला नाही.

इथं मी जरा आडवाटेला जाते, रागावू नका, सचिवाची सवय आहे. बँकेत ती २० रुपयांची विमा योजना आहे ना, प्रधानमंत्री सुरक्षा विमा, ती किती जणींनी घेतलीय? हात वर करा. ... बघा, निम्म्या पण नाहीत. अठरा ते सत्तर वयाची, बँकेत खातं असलेली कोणीही घेऊ शकते. वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात. १ जून ते ३१ मे असं त्याचं वर्ष. मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लक ठेवायची, नाहीतर विमा बंद पडतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. अपघातात जीव गेला, किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे गेले, तर २ लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. पण दिसतंय, नुसता चेहरा बिघडलाय, अशा इजेला ह्यात काही नाही. आमच्या जावेला काही मिळालं नाही, ललिताबाईंना आज मिळालं नसतं. म्हणून आमच्या गटानं आता ठरवलंय, फराळाच्या प्रत्येक ऑर्डरच्या नफ्यातले शंभरामागे पाच रुपये बाजूला काढायचे, कामावर इजा झालेल्या बाईसाठी. आणि कढईपाशी उभी राहणारीनं लांब बाह्यांचं पोलकं घालायचं. हे आधीच सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही.

असो. सिनेमाकडं येते.

दुसरी कोणी असती तर घरी बसली असती. ह्या बाईनं काय केलं, नायिका नाही तर नाही, म्हातारीची द्या, आईची द्या, सासूची द्या, असं म्हणत कामं धरली. १९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला. त्यात राघोबादादांची आनंदीबाई म्हणजे ह्याच. 'ध'चा 'मा' करणारी म्हणतात ती आनंदीबाई. १९५० साली व्ही. शांतारामांचा 'दहेज' आला, हुंड्यावरचा. त्यात सुनेला छळणारी सासू. लोकांना इतकी चीड आली की तिथून ती जी सासू झाली ती कायमची. डावा डोळा, जो वैगुण्य म्हणून दिसत होता, तोच लोकांना कपटी वाटायला लागला. तिनं तो लपवला नाही, उलट कामाला लावला.

पण मला ज्याच्यासाठी हे भाषण करावंसं वाटलं ती गोष्ट वेगळीच आहे. ह्या बाईनं आपल्याला जितकं रडवलंय तितकंच हसवलंय, आणि ते आपण विसरून गेलोय. मीही विसरले होते.

'श्री ४२०' बघितलाय का? १९५५ सालचा. राज कपूर मुंबईत येतो, खिशात दमडी नाही, आणि रस्त्यावर केळी विकणारी एक बाई भेटते. ती ललिताबाई. केळ्यांच्या भावावरून दोघांची जी घासाघीस होते ती बघा. आपण आठवडे बाजारात टोपली घेऊन बसतो ना, अगदी तशी. तोंड फाटकं, जीभ धारदार, आणि मन लोण्यासारखं. गिऱ्हाईकाला शिव्या घालत घालत ती त्याला पोराच्या मायेनं सांभाळते. पिंपळगावच्या बाजारात अशा दहा बाया मी तुम्हाला दाखवते.

१९५९ सालचा 'अनाडी' तर मी तीनदा बघितला. त्यात त्या मिसेस डिसा आहेत, घरमालकीण. हिंदी मोडकं, आवाज चढा. भाडं थकवलेल्या भाडेकरूवर ओरडतात, आणि ओरडता ओरडता त्याला खाऊ घालतात. माया आहे हे त्याला कळू नये म्हणून ओरडतात. मी तो सिनेमा बघताना हसत होते, हसता हसता मला वाटलं, अगं, हे तर मी वसुलीला जाते तेव्हाचं आहे! फरक एवढाच की मी ओरडून झालं की परत येते, खाऊ घालत नाही. (हशा) ह्या कामासाठी त्यांना फिल्मफेअरचं बक्षीस मिळालं. पुढं १९६१ सालचं संगीत नाटक अकादमीचं बक्षीसही मिळालं.

मग १९६१ सालचाच 'जंगली'. ह्यात त्या शम्मी कपूरच्या आई आहेत, आणि घरचा नियम काय, तर ह्या घरात कोणी हसायचं नाही. हसणं म्हणजे हलक्या लोकांचं काम. आख्खा सिनेमा ह्या नियमावर चालतो. आता गंमत बघा, ती स्वतः हसत नाही आणि आपण तिच्यामुळं हसतो. दगडासारखा चेहरा करून लोकांना हसवायचं हे सोपं नाही. आमची जाऊ मला म्हणाली होती एकदा, नक्कल करताना मला स्वतःला हसू आलं की नक्कल मेली. मुक्या सिनेमात लहानपणी शिकलेलं इथं कामाला आलं असणार, असं मला वाटतं. नुसती भुवई वर केली की काम झालं.

'प्रोफेसर' १९६२ चा. हा जरूर बघा, पण शेवटपर्यंत बघा. ह्यात त्या दार्जिलिंगला राहणारी एक कडक बाई, पोरक्या भाच्यांना सांभाळते. घरात शिकवायला मास्तर पाहिजे, पण म्हातारा पाहिजे, तरणा चालणार नाही, कारण घरात वयात आलेल्या मुली. मग शम्मी कपूर पांढरी दाढी लावून मास्तर बनून येतो. आणि होतं काय, ही कडक बाई त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. नटायला लागते. लाजायला लागते. त्या लाजण्यावर आपण पोट धरून हसतो. मीही हसले. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा मला हसू आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं सांभाळलेल्या बाईला ह्या वयात कोणाच्या दोन गोड शब्दांनी बरं वाटलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे? पण ललिताबाईंनी ते काम असं केलंय की हसूही येतं आणि हसल्याचं वाईटही वाटतं. सुंदर चेहऱ्याच्या नायिकेला हे जमलं असतं का, मला शंका आहे.

सगळंच मला पटलं असं नाही. 'मिस्टर अँड मिसेस ५५' नावाचा सिनेमा आहे, गुरुदत्तचा, विनोदी. १९५५ सालचा. त्यात त्या मधुबालाच्या आत्या, बायकांच्या हक्कांसाठी सभा घेणाऱ्या. हिंदू बायकांना घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा तेव्हा येत होता. सिनेमात ह्या आत्याबाईची टिंगल केलीय, म्हणजे हक्क मागणारी बाई ती पुरुषांचा राग करणारी, घरं मोडणारी. आणि एक साधी गरीब गृहिणी दाखवलीय जी म्हणते, नवरा कधी हात उगारतो तर त्यात काय एवढं. ललिताबाईंचं काम चोख आहे, पण ते बघताना मला राग आला. आपल्या गटांतल्या किती बायांनी मार खाल्लाय, ते आपण बैठकीच्या वहीत लिहीत नाही, पण आपल्याला माहीत आहे. त्यांच्यासाठी सभा घेणारी बाई मला तरी हसण्यासारखी वाटत नाही. विनोद कोणावर करायचा हे लिहिणारा ठरवतो, काम करणारीला मिळेल ते करावं लागतं.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. 'आनंद'मधली दवाखान्यातली मेट्रन. 'सौ दिन सास के'मधली सासू. आणि १९८७ साली टीव्हीवर 'रामायण' आलं, त्यात मंथरा. तेव्हा त्यांचं वय सत्तरीचं. आमच्या गावात एकच टीव्ही होता, पाटलांच्या वाड्यात. रविवारी सकाळी सगळं गाव तिथं. मंथरा दिसली की आमच्या सासूबाई कडाकडा बोटं मोडायच्या. तुमच्यातल्या तरुण पोरींनी तेच रामायण लॉकडाऊनमध्ये बघितलं असेल. म्हणजे जी १९२८ साली मुक्या सिनेमात आली, ती तुमच्या घरात २०२० साली बसली होती!

२४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात औंधला त्या गेल्या. वय ८१. जवळजवळ सत्तर वर्षं काम केलं. त्या थपडीनंतरची वर्षं मोजली तर पन्नासच्या वर होतात.

तर हे सगळं मी ऐकलं, बघितलं, आणि एक दिवस जावेकडं गेले. वही घेऊन नाही गेले, हे आधी सांगते. ती दारात गहू निवडत बसली होती. मला बघून पदर गालावर ओढला. मी जवळ बसले आणि म्हणाले, तुला माहितीय का, ती ललिता पवार येवल्याची होती. आणि तो डोळा तिचा जन्मापासून तसा नव्हता. मग सगळं सांगितलं, थापड, दवाखाना, केळीवाली, मिसेस डिसा. ती काही बोलली नाही. गहू निवडत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ताई, मी सगळ्यांदेखत तिच्या डोळ्याची नक्कल करायचे. मला काय माहीत होतं?"

मी म्हणाले, तू माझी नक्कल करायचीस. मी अजून तशीच आहे.

माफी मागायला गेले होते मी, दंडाबद्दल. ती मागता नाही आली. आम्ही दोघी अशाच आहोत, चहा पिऊन उठले. पण दुसऱ्या दिवशी मी ते वीस रुपये माझ्या पदरचे भरले. वहीतून खोडले नाहीत. वहीत खाडाखोड केलेली लेखापरीक्षणात चालत नाही, हे तुम्हाला मी नेहमी सांगते. पावती तिच्या नावानं फाडली आणि लेकीच्या हाती पाठवली. आणि पुढच्या बैठकीत ठराव घेतला, आजारपण किंवा इजा असेल तर गैरहजेरीचा दंड नाही, त्याऐवजी दोघींनी तिच्या घरी जाऊन यायचं. हा ठराव ज्यांच्या गटात नाही त्यांनी लिहून घ्या, शब्द मी देते.

हे सगळं मी तिला विचारून बोलतेय. नाव घ्यायचं नाही, एवढी अट तिनं घातलीय. ह्या महिन्याच्या बैठकीला ती आली. उशिरा आली, दहा मिनिटं. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी वही उघडली, पेन काढलं आणि उशिराचा दंड मांडला. आजारपण संपलं ना आता? तिनं ब्लाउजमधून पाकीट काढलं, पाचाचं नाणं माझ्यापुढं ठेवलं, आणि माझ्याकडं बघितलं. ती नक्कल होती का तिचा डोळाच तसा आहे, ते मला कळलं नाही. पण बाया हसल्या, आधी हळू, मग मोठ्यानं, आणि तीही हसली.

गटात आता 'अनाडी' दाखवायचं ठरलंय, मोबाइल टीव्हीला जोडून. तुमच्या गटात बघायचा असेल तर मला सांगा, मुलाकडून भरून घेते. स्मारकाला जायची गाडी दोनला सुटेल. उशीर करणाऱ्यांना काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.